बोर्डाची पूजा

"ऊठ. पूजा व्हायचीय."

मी कानावरचा हेडफोन काढला आणि उठले. दारात कामगार अधिकारी उभे होते. त्यांच्यामागे भटजी, भटजींच्या मागे हार-नारळाचं ताट घेतलेला शिपाई. मला वाटलं जागा करून द्यायचीय, म्हणून मी खुर्ची ओढायला लागले.

"खुर्ची राहू दे. तू बाहेर हो."

"बाहेर म्हणजे?"

"व्हरांड्यात थांब. आणि पूजा होईस्तोवर कशाला हात लावू नको."

खंडेनवमी होती. त्या दिवशी साखर कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला हळदीकुंकू लागायचं. बॉयलरला, वजनकाट्याला, ट्रॅक्टरला, ऑफिसातल्या टायपरायटरलासुद्धा. माझं यंत्र म्हणजे टेलिफोनचा बोर्ड. वर झडपांच्या ओळी, खाली पितळी टोकांच्या दोऱ्या. फोन आला की त्या लाइनीची झडप खाली पडायची. मी तिथं दोरी खुपसायची आणि म्हणायची, "हॅलो, कारखाना." चेअरमनसाहेबांचा मुंबईचा फोन असो की उमरग्याच्या डॉक्टरांचा, सगळं बोलणं माझ्या हातून जायचं. वर्षभर ह्या हातांचा कुणाला विटाळ झाला नाही. आदल्या वर्षी पूजेच्या वेळी माझी ड्यूटी नव्हती, म्हणून मला हे ठाऊकच नव्हतं.

मी व्हरांड्यात उभी राहिले. दाराला जाळी होती. जाळीतून सगळं दिसत होतं. माझ्या दोऱ्यांवर पाणी शिंपडलं, बोर्डाला झेंडूचा हार घातला. दुष्काळात झेंडू कुठून आणला कुणास ठाऊक. भटजी मंत्र म्हणत होते आणि तेवढ्यात ट्रंकलाइनीची, परगावच्या फोनची, झडप पडली. घंटी वाजायला लागली.

"साहेब, ट्रंक आलाय."

"थांब गं."

घंटी वाजत राहिली. माझे हात आपोआप पुढं गेले आणि जाळीला टेकले. आत चार माणसं त्या झडपेकडं बघत होती, कुणालाही ती उचलता येत नव्हती. मग घंटी बंद झाली. शिपायानं नारळ फोडला.

पूजा झाल्यावर सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. माझा पेढा कागदावर घालून पायरीवर ठेवला. त्यावर मुंग्या आल्या. मी उचलला नाही, ते त्या दिवसातलं माझं पहिलं शहाणपण.

आता तुम्ही म्हणाल, तुला हे आधी कळलं नव्हतं का? खरं सांगते, नव्हतं कळलं. मला फार सोयी होत्या.

आमचं गाव लोहाऱ्याकडचं. मोठ्या दुष्काळात आईनं आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरकारी कामावर खडी फोडली, त्या खडीवर मी मॅट्रिक झाले. सोलापूरला टेलिफोनचं काम शिकले. आवाज स्वच्छ होता म्हणून कारखान्यानं घेतलं. आमच्या वस्तीतली पगारावर लागलेली पहिली पोरगी मी. कारखान्याची कॉलनी बघून तर माझे डोळेच दिपले. क्वार्टर, विजेचे दिवे, क्लब, कॅन्टीनमध्ये स्वस्तात जेवण, सणाला साखर. मला बोर्डाच्या खोलीला लागूनच राहायला खोली दिली आणि त्या खोलीत फोन बसवला. कॉलनीत फक्त मोठ्या साहेबांकडं फोन होता, आणि एक माझ्याकडं. बायका एकमेकींना दाखवायच्या, "तिच्या खोलीत फोन हाय." त्या फोनला डायल नव्हती. मला कुणाला लावता यायचा नाही. दुसरा ऑपरेटर आला नाही की तेवढा तो वाजायचा. आणि तो ऑपरेटर बऱ्याचदा यायचा नाही.

कॅन्टीनमध्ये मी पहिल्या आठवड्यात जेवले. मग मॅनेजर म्हणाला, "बाई, तुमचा डबा खोलीवरच पाठवत जाऊ. कशाला गर्दीत त्रास?" मला केवढा मान वाटला! साहेबांचासुद्धा डबा घरी जात नव्हता.

पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा कॉलनीच्या नळावर रांगा लागल्या. एक दिवस माझ्या दारात लोखंडी ड्रम येऊन बसला. टँकरवाला रोज भरून द्यायचा. "तुम्ही ड्यूटीवरच्या. नळावर कुठं ताटकळता?" मी सुट्टीत घरी गेले तेव्हा दादांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमच्या दारात पाणी येतं. दादा बिडी ओढत ऐकत होते. म्हणाले, "नळाला शिवू देत न्हाईत व्हय?"

मी चिडले. म्हटलं, "दादा, तुमाला समद्यातच खोट दिसती. जमाना बदलला."

"बदलला आसंल, माय," दादा म्हणाले आणि बिडी विझवली. त्यांनी असं मान्य करून टाकलं त्याचा मला जास्त राग आला. परत आल्यावर मी ड्रमला रंग दिला, निळा.

त्या वर्षी वस्तीतली माणसं रोजगार हमीवर दिवसभर दगड फोडून संध्याकाळी आपलं बुद्धविहार बांधत होती. एकच खोली, वर पत्रे. पाया दादांनी घातला. दसऱ्याला उघडायचं ठरलं, कारण आमच्या लोकांनी धम्म घेतला तो दसऱ्यालाच. वंदना मी म्हणायची असं दादांनी सगळ्यांना सांगून टाकलं. मला म्हणाले, "साऱ्या तालुक्याला तुजा आवाज ऐकू जातो. आपल्या वस्तीला एकदा ऐकू दे."

मला ते मनापासून करायचं होतं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं त्या माणसानं. मी रजेचा अर्ज दिला.

कामगार अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला आणि हसले. "दसऱ्याची रजा? तुला कसला दसरा? देव सोडले ना तुम्ही?"

मी सांगितलं, कसला ते.

"ते नागपूरला. इथं कारखाना आहे. बाकीच्यांना सण असतात, घरदार असतं. तुला सणवार नाही, संसार नाही. दोन दिवस दोन्ही पाळ्या तूच बघ."

दिवाळी, पाडवा, संक्रांत, प्रत्येक सणाला बोर्डावर मीच असायची. मीसुद्धा म्हणायची, असू दे, त्यांची पोरंबाळं वाट बघत असतील. माझी वाट बघणारं कुणी असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. हळूहळू माझ्याही डोक्यातून गेलं. सणाच्या दिवशी सगळ्या झडपा उभ्या असायच्या. कॉलनीतून पुरणाचा वास यायचा. एरवी दिवसभर मी लोकांशी बोलायची, आणि माझ्याशी कुणी बोलायचं नाही. गावोगावचे ऑपरेटर मला आवाजावरून ओळखायचे. समोर आले असते तर एकानंही ओळखलं नसतं. मी फार एकटी होते. तेव्हा हा शब्दही स्वतःशी उच्चारला नव्हता.

येता येणार नाही हे दादांना कळवायचा मला धीर झाला नाही.

तर ती पूजा झाली. मी खुर्चीत बसले. दोऱ्या ओल्या होत्या, पितळेवर कुंकू चिकटलं होतं. साहेब खिडकीपाशी उभे राहून नारळाचा तुकडा खात होते. ट्रंकलाइनीची झडप पुन्हा पडली.

"हॅलो, कारखाना."

"बाई, मगाशी कुठं होतात?" लोहाऱ्याचा ऑपरेटर होता. त्याला मी त्याच्या खोकल्यावरून ओळखायची. "एक म्हातारा मानूस सकाळधरनं टपालात बसलाय. तुमचंच नाव सांगायलाय. घ्या."

मग कुणीतरी रिसीव्हर उलटा धरल्यासारखी खरखर आली. आणि ओरडणं.

"कोन हाय? कारखाना हाय का?"

"दादा, मी हाय."

"व्हय का! वळखूच आली न्हाईस बग. लई सायबावानी बोलायलीस." दादांचा हा जन्मातला पहिला फोन. ते पार कारखान्यापर्यंत हाक मारावी तसे बोलत होते. "मगाशी लावला तर कुनी उचलंनाच. म्हनलं आजारी पडलीस का काय."

काय सांगणार होते मी? की मी तिथंच होते, जाळीबाहेर?

"भाईर होते, दादा."

"बरं बरं. उद्या येतीस न्हवं? मानसं इचारायलीत."

साहेब मागं आले. "कोण आहे? खाजगी बोलणं बोर्डावर चालत नाही. काढ दोरी."

माझा हात दोरीवर होता. ओढली असती की सवयीप्रमाणं संपलं असतं. पण मघाशी ह्याच माणसांनी ह्याच दोऱ्यांपासून मला लांब उभं केलं होतं. आणि ती घंटी माझ्या बापाची होती. माझा बाप त्या घंटीत मला हाका मारत होता आणि मी पायरीवरच्या पेढ्याशेजारी उभी होते.

"थांबा साहेब," मी म्हटलं. "माझे वडील बोलायलेत."

साहेबांना आजवर कुणी थांबा म्हटलं नसावं. ते थांबले.

"येते, दादा. पाळी संपली की निगते."

"ये माय, ये," दादा म्हणाले, आणि फोन कसा ठेवायचा हे त्यांना कळेना म्हणून खरखर चालूच राहिली.

मी दोरी काढली तसे साहेब सुरू झाले. "निघते म्हणजे? रजा कुणी दिली? इतक्या सोयी केल्या तुझ्या. खोली दिली, फोन दिला. ह्या दुष्काळात दारात पाणी कुणाच्या आहे, सांग. आणि वर तोंड करून बोलतेस?"

मला खूप बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "साहेब, नळ हाय की कॉलनीत. मग माझ्याच दारात ड्रम कशाला?"

त्यांना उत्तर माहीत होतं. मलाही होतं. दादांना तर ड्रम न बघताच कळलं होतं.

"गेलीस तर खोली रिकामी करून जा," ते शेवटी म्हणाले.

"करते."

संध्याकाळी भोंगा झाला. माझी पाळी पुरी झाली होती, मिनिटाचंही काम मी बुडवलं नव्हतं. दुसरी पाळी ज्याची होती त्याला बोलवा म्हटलं आणि उठले. खोलीत सामान ते किती? एक ट्रंक, एक वळकटी. ड्रममधलं पाणी मी कॉलनीमागं राहणाऱ्या झाडूवाल्या बायांच्या घागरींत ओतलं आणि ड्रम दारातच पालथा घातला. चावी साहेबांच्या टेबलावर ठेवून एसटी धरली.

सकाळी विहारात माणसं मावत नव्हती. मी पुढं उभी राहिले, तोंड उघडलं आणि सवयीनं बाहेर पडलं, "हॅलो." पोरं खदाखदा हसली. मीही हसले. मग डोळे मिटून सुरू केलं, "बुद्धं सरणं गच्छामि." सगळी वस्ती माझ्यामागून म्हणायला लागली. दादा शेवटी भिंतीला टेकून उभे होते, कानामागं हात धरून. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. आवाज मात्र थांबवला नाही.

परत गेल्यावर नोटीस मिळाली, पगार कापला. नोकरीवरून काढायचा विचार होता, पण हंगाम तोंडावर आला होता आणि माझ्या जागी बोर्ड चालवणारं दुसरं माणूस तिथं मिळत नव्हतं. खोली गेली. मी शेजारच्या गावात, आमच्याच लोकांच्या वस्तीत, भाड्यानं राहिले आणि चालत कामाला येऊ लागले. दुपारी कॅन्टीनमध्ये जाऊन बसायची. मी बसले की टेबल रिकामं व्हायचं. मी सावकाश जेवायची. युनियनचा पुढारी म्हणाला, "बाई, मिटवून घ्या. साहेबांची माफी मागितली की खोली परत मिळंल." मी म्हटलं, खोलीच नको. कॉलनीतल्या बायकांनी बोलणं टाकलं. आधी एकटी होते हे मला माहीत नव्हतं, आता ते रोज समोर दिसत होतं. सोपं नव्हतं ते. कुणी सोपं होतं म्हणालं तर खोटं समजा.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या रजेचा अर्ज दिला, त्यात कारण लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही.

आदल्या दिवशी खंडेनवमीला दारात तेच साहेब, तेच भटजी, तेच ताट.

"ऊठ. पूजा व्हायचीय."

मी हेडफोन काढला नाही. "करा की. मी हितंच बसते."

"असं कसं चालेल?" भटजी म्हणाले.

"वर्षभर चालतं."

साहेब एक पाऊल पुढं आले. मी दोन्ही हात बोर्डावर ठेवले. तेवढ्यात झडप पडली. मी दोरी खुपसली.

"हॅलो, कारखाना. बोला."

ते ताट घेऊन दाराबाहेर उभे राहिले. मी मागं वळून बघितलं नाही. कितीही सोयी द्या, कितीही काढून घ्या, त्या व्हरांड्यात मी पुन्हा उभी राहणार नाही.