लोखंडी पेटीतली हाळी

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली तिथल्याच पाण्यावरच्या एका प्रदर्शनात आवाजाचा देखावा मांडायला आम्हाला एक खोली मिळाली. आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. नांदेडात दोघांचं मिळून मंडपाच्या साऊंडचं दुकान होतं, एका डब्यात जेवायचो.

खोलीत छताला आठ स्पीकर टांगले. जळकोटकडे माझी मावशी राहायची. तिच्या वस्तीवर टँकर दिसला की पहिली हाळी तिची, "आला गं टँकर!" मी ती रेकॉर्ड करून आणली होती. हाळी एका कोपऱ्यातून येणार, मग बाकीच्या बाजूंनी बाया, घागरी, भांडणं. मधोमध उभ्या माणसाला वाटावं, गर्दी आपल्याच अंगावर आली. मावशीला मी शब्द दिला होता, लातूरची मोठमोठी माणसं गप उभी राहून तुझं ऐकतील. ती लई हसली. तिचं आजवर कुणी ऐकलंच नव्हतं.

तिथं दिवसभर आमचं माणूस बसणार नव्हतं, सगळं आपोआप चालायला हवं. आमच्याकडं बटण दिसलं की लोक दाबणारच, आणि पिन उपसून मोबाईल चार्जिंगला लावणारच. म्हणून मी बटणच ठेवलं नाही. यंत्र लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप. लाईट गेली आणि परत आली की आठही आवाज एकदम, पहिल्यापासून सुरू. कितीदा तरी मेन स्विच पाडून मी ते पक्कं करून घेतलं. मग किल्ली मित्राच्या हातात दिली आणि मावशीला, तिच्या शेजारणींना आणायला गेलो.

परत आलो तर खोलीत आमच्या भागातला एक पुढारी बोलत होता, आठही स्पीकरांतून. घराघरात पाणी पोचवलं, आता नवा जिल्हाही आणतो, म्हणत होता. पेटीतल्या यंत्राचं मेमरी कार्डच बदललं होतं.

मी मित्राला बाजूला ओढलं. "किल्ली दे."

"चिडून काय राहिलास? नवा जिल्हा झाला की साहेबांच्या सभांचे सगळे मंडप आपलेच. किल्ली त्यांच्या माणसाकडं हाय."

हे बोलताना तो चप्पल बघत होता. केसानं गळा कापला मेल्यानं.

मी जाऊन मेन पाडला. खोली गप झाली. माणसं उकाड्यानं कावली, कुणीतरी पंख्यासाठी मेन वर केला, आणि पुढारी पहिल्यापासून सुरू झाला.

मावशी मधोमध उभी होती, पदर सावरून, एकेका कोपऱ्याकडं कान देत. जरा वेळानं म्हणाली, "माझं कधी लागंल रे?"

मी पेटीचं कुलूप हिसकून बघितलं, निघालं नाही.

"मग ह्याला तरी बंद कर."

"होत न्हाई, मावशी," मी म्हणलं. "तसंच बनवलंय मी."