देवाचं तोंड कुणाच्या वावराकडं

बदनापूरकडं जाणारी नवी सडक नेमकी आमच्या बिरोबावरून निघाली आणि देवाला हलवायची वेळ आली. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. मी औरंगाबादला कॉलेजात होतो. आमच्या मेंढक्या घरात माझ्याआधी कुणी शाळाही पुरी केली नव्हती. वडिलांनी आपल्या वावरात देवासाठी ओटा बांधला. चुलत्यांनी शेजारच्या वावरात दुसरा बांधला. ज्याच्या वावरात देव, त्याच्याकडं जत्रेचा मान; त्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद पडलेलं.

सुट्टीत माझ्यासोबत वसतिगृहातला मित्र आला होता. त्याचे वडील जालन्यात चर्चचे पाळक. त्यांच्या नव्या चर्चची प्रतिष्ठा नुकतीच झाली होती. बिशपांनी काठीनं दार ठोठावलं, आत जाऊन वेदीला तेल लावलं, असं त्यानं माझ्या वडिलांना सांगितलं. त्यांच्या धर्मग्रंथात फार पूर्वी एकानं उशाचा धोंडा उभा करून त्यावर तेल ओतलं होतं, तिथपासूनची ही चाल, असंही तो म्हणाला.

"काय धंदा करायचा तो धोंडेवाला?" वडिलांनी विचारलं.

"पुढं सासऱ्याची मेंढरं राखली त्यानं."

"मंग बराबर."

मीही भीत भीत सांगितलं, की जुन्या इजिप्त देशातले पुजारी मूर्तीचं तोंड विधीनं उघडत. वडिलांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मित्रालाच विचारलं, "पर देवाला जागा पसंत पडली, हे कसं कळतं तुम्हाला?"

मित्रानं बराच विचार केला. तसं कुणी विचारत नाही, म्हणाला. वडिलांना त्याची दया आली.

आमच्याकडं विचारतात. बोकडावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झटकलं, की देवानं जागा घेतली. पण दिवस वैशाखाचे. वडिलांच्या ओट्यापुढं बोकडावर पाणी पडलं, तसे त्यानं सुखानं डोळे मिटले. अख्खी घागर ओतली, तर ते खाली बसलं. चुलते लोकांकडं बघून म्हणाले, "देवाला वावर पसंत न्हाई. जबरदस्ती कशाला?" मग त्यांच्या ओट्यापुढं नेलं. तिथं त्यानं अंगावरचं पाणी चाटलं.

दोन्हीकडची माणसं दमून खाली बसली. दोरी कुणाच्या हातात आहे, याचं भान कुणाला राहिलं नाही. बोकड आपल्या पायानं बांधावरच्या बाभळीखाली, सावलीत गेलं आणि तिथं शेपटापासून शिंगांपर्यंत असं झटकलं, की दोघा भावांच्या तोंडावर शिंतोडे उडाले.

बांध दोघांचा. दोन्ही ओट्यांचे दगड उपसून दोघांनी मिळून तिथं एकच ओटा रचला, पण बोलले नाहीत. देव बसवताना मात्र गाडं अडलं. वडिलांनी चुलत्यांकडं न बघता विचारलं, "तोंड कुणाच्या वावराकडं?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी शिकलेला. मी खरं तेच सांगितलं, की शास्त्रात पूर्व म्हटली आहे. पूर्वेला चुलत्यांचं वावर होतं.

"पोरगं शिकलं खरं," चुलते वडिलांना म्हणाले. किती दिवसांनी ते त्यांच्याशी बोलत होते. वडील त्यांच्याशी बोलले. माझ्याशी मात्र सुट्टी संपेपर्यंत बोलले नाहीत.