पाठ नसलेले चंद्र: जव्हार-मोखाड्याचे तीन दिवस

बोहाड्याचे मुखवटे मी आजवर दिवाणखान्यांच्या भिंतींवरच पाहिले होते. बोहाडा म्हणजे जव्हार-मोखाड्याकडचा उन्हाळ्यातला मुखवट्यांचा उत्सव. मुखवटे घालून नाचणाऱ्यांना तिथे सोंगं म्हणतात, मुखवट्यालाही सोंगच म्हणतात. कारागीर दोन-तीन महिने आधी कामाला लागतात असं कळलं, म्हणून जानेवारीत नाशिकहून सकाळची एसटी धरली. त्र्यंबकेश्वर सोडलं की घाट सुरू होतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. मोखाडा ओलांडून जव्हारला पोचायला तीन तास लागले. डेपोजवळ आठशे रुपयांत बरी खोली मिळते. गरम पाणी बादलीने येतं, तेही सातच्या आत सांगितलं तर.

दुपारी दाभोशाच्या धबधब्याला गेलो. जीप सीटवर भरते. घाई असेल तर पूर्ण जीप ठरवावी. मला घाई नव्हती, त्यामुळे एक कोंबडा, दोन सिमेंटच्या गोण्या आणि अकरा माणसांबरोबर गेलो. जानेवारीत धबधबा बारीक असतो, पण कातळ नीट दिसतो. काळा, थरांचा, जुन्या लाव्हाचा. जीपवाला काशिनाथ माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "चंद्रावर काळे डाग दिसतात ना, ते असल्याच दगडाचे. मेव्हणी सांगते."

तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, पौर्णिमेचे मथळे दिले, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मेव्हणी सुनीता मोखाडा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सासरे लहानूबाबा मुखवटे करतात. काशिनाथ त्यांचा घरजावई. उद्या घरीच या, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लहानूबाबांच्या अंगणात पोचलो. देव आणि राक्षस दिसतील या अपेक्षेने गेलो होतो. ते आत होते. बाहेर उन्हात, सुपांवर, पाच गोल तोंडं वाळत होती आणि त्यांतलं एकही ओळखीचं नव्हतं. एक अर्धं कोळशासारखं काळं, अर्धं चुन्यासारखं पांढरं. एक पिवळं, अंगभर फोड आलेलं. एक पांढरं, त्यावर तांबड्या भेगांचं जाळं. एक फिकट गुलाबी. पाचवं राखाडी, काळ्या डागांचं.

"चंदर हायेत," लहानूबाबा म्हणाले. कोणाचे, असं विचारल्यावर त्यांनी हात झटकला. "ते लेक सांगंल. मी फोटो बघून केलं."

कागदाचा लगदा, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड, खाली मातीचा साचा, वर कापडाचे थर. हे काम बघायला मी आलो होतो, पण नजर त्या पिवळ्या तोंडावरून हटेना.

शाळा सुटल्यावर सुनीताबाई आल्या. बांगड्यांवर खडूची पूड, खांद्याला मोठी पिशवी. उद्या मोखाड्याला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं, चंद्र त्यासाठीच. त्यांच्या शाळेने आजवर कधी भागच घेतला नव्हता. मुख्याध्यापकांनी एकदाच करून बघा म्हटलं होतं, आणि पाच मुली महिनाभर पाठ करत होत्या. चहा होईपर्यंत त्यांनी मला एकेक चंद्र सांगितला. पिवळा आयो, गुरूचा. त्याच्यावर शेकडो ज्वालामुखी आहेत. भेगांचा युरोपा, तोही गुरूचाच. वर बर्फाचं कवच आणि खाली बहुधा समुद्र. तो वाळताना खरोखरच तडकला होता आणि बाबा फेकून देणार होते. बाईंनी फोटो दाखवून वाचवला. काळा-पांढरा आयापेटस शनीचा. काळ्या डागांचा तेवढा आपला.

मला वाटायचं, चंद्र सगळे एकाच रीतीने झाले असणार. तसं नाही, बाई म्हणाल्या. गुरूचे मोठे चंद्र त्याच्याभोवतीच्या धूळ-वायूच्या चकतीतून, त्याच्याच अंगणात वाढले. आपला बहुधा अपघातातून झाला: कोवळ्या पृथ्वीवर मंगळाएवढा गोळा आदळला आणि उडालेला राडारोडा गोळा होऊन चंद्र बनला. मी चहा खाली ठेवला. एवढी शांत वस्तू, आणि जन्म असा.

"आणि हा गुलाबी?"

"ट्रायटन. नेपच्यूनचा. बाहेरून आलेला, नेपच्यूनने ओढून घेतलेला. म्हणून नेपच्यून ज्या दिशेने स्वतःभोवती फिरतो, त्याच्या उलटा फिरतो."

"घरजावई हाय तो," आतून लहानूबाबा म्हणाले. "आमचाबी उलटाच फिरतोय."

काशिनाथने जीपची चावी फिरवत विचारलं, पुढे त्या जावयाचं काय होतं. हळूहळू जवळ ओढला जाऊन शेवटी फुटणार आहे, बाईंनी सांगितलं. अजून पुष्कळ अवकाश आहे, हेही सांगितलं. काशिनाथचं तोंड मात्र तेवढ्यात उतरलं होतं.

मग बाईंनी पिशवीत भरायला आयो उचलला, उलटा केला आणि तशाच उभ्या राहिल्या. आत पोकळ होतं. दुसरा उलटला, तिसरा उलटला. पाचही तसेच. पिशवीतून त्यांनी टांगायची नायलॉनची दोरी काढली होती, ती हातातच राहिली. त्यांना गोळे हवे होते. प्रवेशपत्रिकेवर गोलाकृती प्रतिकृती असं लिहून दिलं होतं.

"बाबा, मागची बाजू कुठंय?"

"कशाची?"

"चंद्राची."

"फोटोत जेवढं हाय तेवढं केलं. आन् सोंगाला मागं नसतंय, बाय. मागं माणूस असतंय."

दुसरा अर्धा भाग करून वाळवायचा तर चार दिवसांचं ऊन हवं, आणि ऊन उतरलं होतं. बाई पायरीवर बसल्या. मुलींना काय सांगू, एवढंच म्हणाल्या. मला पाहुणा म्हणून तिथे बसणंही अवघड झालं. शेवटी लहानूबाबाच चिडून म्हणाले, सोंग काय टांगायला करतात का, तोंडावर घालायचं आणि नाचवायचं. बाईंनी मान वर केली. शेजारचा एक चंद्र उचलून स्वतःच्या तोंडावर धरून बघितला. मग उठून त्यांनी काशिनाथला जीप काढायला सांगितली. मुलींच्या पाड्यावर अंधार पडायच्या आत पोचायचं होतं.

तिसऱ्या दिवशी मोखाड्याला मीही गेलो. प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. बाहेर भजी आणि चहा वीस रुपयांत मिळतो, भजी घ्याच. सुनीताबाईंच्या शाळेच्या टेबलावर काहीच नव्हतं. मोकळ्या जागेत खडूचं वर्तुळ, मधे ग्रहाच्या नावाची पाटी धरून एक मुलगी, आणि वर्तुळावर मुखवटा घातलेली दुसरी. चंद्र एकेक करून येत होते, ग्रहाकडे तोंड ठेवून फिरत होते. ट्रायटन उलटा गेला. भोवतीच्या गर्दीला दिसत होत्या तेल लावलेल्या वेण्या आणि लाल रिबिनी.

परीक्षक आले. हातातला कागद वाचला. "मॅडम, गोलाकृती लिहिलंय. आम्हाला तर नुसत्या वेण्या दिसतायत."

मागे उभ्या लहानूबाबांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाहेरून बघणाऱ्याला पाठच दिसणार, सर," सुनीताबाई म्हणाल्या. त्यांनी मधल्या मुलीला बाजूला केलं. "तुम्ही मधे या. तुम्ही पृथ्वी व्हा."

ते गेले. आपला चंद्र त्यांच्याभोवती फिरू लागला. ते त्याच्याबरोबर वळत गेले, पण समोर सतत तेच तोंड, तेच काळे डाग. एक फेरी झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तू स्वतःभोवती फिरत नाहीस तर."

माझंही उत्तर तयार होतं: नाही.

"फिरते ना सर," मुखवट्याच्या आतून आवाज आला. "आधी माझं तोंड फळ्याकडं होतं. मग खिडकीकडं, मग दाराकडं. एका फेरीत एकदा पुरी फिरते. तुमच्याकडं तोंड ठेवायचं तर फिरायलाच लागतं."

परीक्षकांनी तिला आणखी एक फेरी मारायला सांगितली. या वेळी ते फळा, खिडकी, दार बोटांवर मोजत होते. मीही मोजत होतो.

दुपारी यादी लागली. दोन शाळा जिल्ह्याला जाणार, त्यांत दुसरं नाव यांचं. सुनीताबाई भिंतीला टेकून रडल्या, मुली हसल्या. परीक्षकांनी जाताना सुचवलं की जिल्ह्याला मागची बाजूही करून आणा. लहानूबाबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि नाही म्हणाले.

साडेतीनच्या एसटीने निघालो. घरी पोचलो तेव्हा समोरच्या इमारतीवर चंद्र आला होता. इतकी वर्षं वाटायचं, तो नुसता तिथे लटकलाय आणि एकटक बघतोय. आता कळतं, तोंड इकडे ठेवायला बिचारा सतत वळतोय. आणि त्याच्या मागे काय असेल असा विचार आला की खड्डे नंतर आठवतात, आधी लाल रिबिनी.