चौकशीचा फोन

मला जळायची सवय आहे. बहिणीचे केस माझ्यापेक्षा लांब होते, तेव्हापासून आहे. वय झालं की जाते म्हणतात, माझी काही गेली नाही. डोंबिवलीतली जुनी सोसायटी, तिसरा मजला, समोरासमोर दोन दारं, आणि त्या समोरच्या दारावर मी गेली पंचवीस वर्षं जळते आहे. त्या दारातली बाई माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, हेही तितकंच खरं.

आधी तिच्या नवऱ्यावरून जळायचे. तो ऑफिसातून आला की स्वतः चहा टाकायचा, वर तिलाही द्यायचा. आमच्याकडे अजून चहापत्तीचा डबा कुठे असतो हे यांना माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी तो अचानक गेला. महिनाभर मी त्या घरात दोन वेळचं जेवण पोचवलं, रात्री तिच्याजवळ झोपायला गेले. तेवढा महिना मला तिचा हेवा वाटला नाही. मग तिच्या मुलाने घर सावरलं आणि माझं पुन्हा सुरू झालं.

तिचा मुलगा तेहेतीस वर्षांचा, माझा पस्तीस. दोघं एका रिक्षातून शाळेत गेले, एकाच क्लासला गेले, आणि आता दोघंही लग्नाचे राहिलेत. फरक एवढाच, की तिचा जिन्यात भेटला की माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतो, "काकू, गुडघा काय म्हणतोय?" विचारतो. माझा कानात ती गाणी ऐकायची बोंडं घालून बसतो. हाक मारली तर एक भुवई वर करतो, म्हणजे काय ते बोला. आपला तो बाब्या म्हणतात, पण माझं डोकंच उलटं. मला कायम दुसरीचाच बाब्या दिसत आला.

लग्नाचं सध्या काय झालंय ते घरात मुलगा असलेल्यांनाच विचारा. आमच्या एका इमारतीत तिशी उलटलेले नऊ मुलगे आहेत. नोकऱ्या आहेत, व्यसनं नाहीत, लग्नं नाहीत. मुलींना स्वतःचा फ्लॅट हवा, तोही ठाण्याच्या अलीकडे नको. घोडबंदर रोडला टॉवरमध्ये असला तर बोलणी पुढे सरकतात. सासू-सासरे असावेत, पण दुसऱ्या घरात. मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात असं मी भिशीत तावातावाने बोलते. आणि माझ्या भाचीसाठी स्थळं बघत होते तेव्हा डोंबिवलीचे तीन बायोडाटे मीच बाजूला काढले होते. म्हटलं, पोरीने का म्हणून आयुष्यभर एवढे जिने चढावेत?

आम्ही दोघींनी एकाच दिवशी कल्याणच्या वधू-वर मंडळात नावं घातली होती. पहिल्या वर्षी आम्ही नकार एकमेकींना सांगून हसायचो. सगळ्या नकारांना एकच कारण असतं, पत्रिका जुळत नाही. पगार कमी असला तरी पत्रिका जुळत नाही, केस गेले असले तरी पत्रिकाच. माझ्या मुलाचे गेलेत. तिसऱ्या वर्षापासून तिने मला तिचे नकार सांगणं चालू ठेवलं आणि मी माझे सांगणं बंद केलं.

मग तिला ठाण्याच्या नौपाड्याचं स्थळ आलं. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, एकुलती एक, आणि डोंबिवली चालेल म्हणाली. पत्रिका तर आधीच बघून झालेली, उत्तम जुळलेली. मैत्रीण माझ्याकडे आली आणि म्हणाली, बघायला जाताना तू चल, आमच्याकडून बोलायला मोठं माणूस नाही कुणी. मी हिरवी पैठणी नेसून गेले. कशाला नेसले कोण जाणे, माझ्या मुलाचं थोडंच होतं.

त्यांच्या बैठकीत मी मोठेपणाने बसले, मुलाचं कौतुक केलं, पोहे खाल्ले. मुलीने मैत्रिणीच्या मुलाला विचारलं, घरी कामं कोण करतं? तो म्हणाला, भाजी मी करतो, पण पोळ्या अजून कुणाला खायला घालण्यासारख्या होत नाहीत. ती हसली. मोकळं, मान मागे टाकून हसली, आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते घरी येईपर्यंत थांबलं नाही. माझ्या मुलासमोर अशी एकही मुलगी हसलेली नाही. निघताना मुलीच्या कल्याणला राहणाऱ्या मामांनी मैत्रिणीकडून माझा नंबर घेतला. शेजारी आहात, पंचवीस वर्षं बघताय, तुमच्याशी एकदा सविस्तर बोलेन म्हणाले.

म्हणजे चौकशी. आमच्या लोकांत मुलगा-मुलगी कितीही वेळा बाहेर कॉफी प्यायला जाऊ देत, शेजारी चौकशी केल्याशिवाय कुणी साखरपुड्याचा हॉल बघत नाही. मुलगा पितो का, चिडका आहे का, आधीचं काही प्रकरण आहे का, हे सगळं शेजाऱ्याला माहीत असतं असं धरून चालतात. आणि शेजारी काय बोलतो यापेक्षा कुठे थांबतो तेच जास्त ऐकतात. हे मला पुरेपूर ठाऊक होतं, कारण भाचीच्या वेळी असे फोन मीच केले होते.

चार दिवसांनी फोन आला. सकाळची वेळ, मी मटार सोलत होते. मामा सज्जन माणूस. घराबद्दल विचारलं, मी भरभरून सांगितलं. माझ्या मैत्रिणीबद्दल विचारलं, तेव्हा तर मी म्हटलं, अशी सासू मिळायला नशीब लागतं. मग ते म्हणाले, "आणि मुलगा? काही असेल तर मोकळेपणाने सांगा हो, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

मला ती मुलगी मान मागे टाकून हसताना दिसली. दाराबाहेर मांडव, जिन्यात रांगोळी, तिच्या घरी सून, आणि आमच्या घरी कानातली बोंडं. मी थांबले. किती थांबले माहीत नाही, पण फोनवर जरा थांबलं तरी खूप होतं.

"मुलगा तसा बरा आहे," मी म्हटलं. "तुम्ही असं करा, त्याच्या ऑफिसात एकदा विचारून घ्या."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच्या ऑफिसात कुणालाही विचारलं असतं तर चांगलंच सांगितलं असतं. पण ऑफिसात ओळखीचं कोण असतं कुणाच्या? मामा हं म्हणाले, आभार मानले आणि फोन ठेवला. मी उरलेले मटार सोलले. दुपारी मला जेवण गेलं, झोपही लागली. लाज वाटायला हवी होती. आता वाटते. तेव्हा नुसतं हलकं वाटलं.

आठवड्याने त्यांनी कळवलं, पत्रिका जुळत नाही.

मैत्रीण माझ्याच स्वयंपाकघरात बसून रडली. पत्रिका जुळलेली होती हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती, म्हणजे कुणीतरी काहीतरी भरवलं. माझा नंबर तिनेच दिलेला, पण माझं नाव तिच्या मनातही आलं नाही. तिचा संशय गेला तळमजल्यावरच्या बाईवर. ती बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून हटकते, सगळ्यांच्या घरचं तिला माहीत असतं, तिनेच कुणाला तरी सांगितलं असणार. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, जाऊ दे, जिभेला हाड नसतं लोकांच्या. हो, हे मी म्हटलं. त्या दिवसापासून ती तळमजल्यावरच्या बाईशी बोलत नाही. मैत्रिणीने घरच्या पूजेला बोलावलं नाही तेव्हा ती बिचारी मला विचारत होती, माझं काय चुकलं हो?

त्यानंतर मी माझ्या परीने भरपाई करत राहिले. बेसनाचे लाडू पोचवले, डॉक्टरकडे सोबत गेले. कुणाला सांगितलं मात्र नाही, ह्यांनासुद्धा नाही. जळणं थांबलं म्हणाल तर तेही नाही. तिच्या मुलाने तिला वाढदिवसाला नवा मिक्सर आणला त्या दिवशी मी आमच्या मिक्सरचं भांडं आपटलं.

सात-आठ महिने गेले. एका शनिवारी संध्याकाळी तिचा मुलगा आमच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. तो हळू बोलत होता, कारण समोरचं दार उघडं होतं आणि आई आत होती.

"काकू, उद्या एक फोन येईल. कल्याणच्या मंडळातलंच स्थळ आहे. आईने परत तुमचाच नंबर दिलाय."

मी म्हटलं, हो हो, सांगेन की सगळं नीट.

"जमणार नसेल तर उचलू नका, मी सांभाळून घेईन," तो म्हणाला. "गेल्या वेळचं मला त्या मुलीनेच सांगितलेलं. आईला मी बोललो नाही. बाबा गेल्यापासून तिला बोलायला तुम्हीच आहात, काकू."

रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण तो नेहमीसारखाच बोलला, आणि जाताना आमच्या दारातली संध्याकाळच्या दुधाची पिशवी उचलून माझ्या हातात दिली. मी दार लावून तशीच उभी राहिले. लोकांना वाटेल, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. ते झालंच, पण नंतर. आधी काय वाटलं ते सांगते. आधी वाटलं, हा हिच्या पोटी का जन्मला, माझ्या का नाही? इतक्या वर्षांत तिच्यावर जळले नव्हते इतकी त्या दारामागे उभी राहून जळले.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, यांचं जेवण होऊन ते आडवे झाले होते आणि मी मुलाला शेवटचा भात वाढत होते. फोन आला. मी उचलला तर बाईचा आवाज, मुलीची आई. त्यांनी घराचं विचारलं, आईचं विचारलं, आणि मग विचारलं, मुलगा कसा आहे हो? त्यांना मुलीला डोंबिवलीत द्यायची भीती वाटत होती, त्यापेक्षा अनोळखी घरात द्यायची जास्त.

रात्रभर मी उत्तराची तयारी केली होती. निर्व्यसनी, मनमिळाऊ, जबाबदार, बायोडाटात असतात तसले शब्द. ऐन वेळी त्यातला एकही आठवला नाही. थांबायचं मात्र नव्हतं, एक क्षणही थांबायचं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलून टाकलं.

"माझ्या मुलापेक्षा चांगला आहे," मी म्हटलं. "मला मुलगी असती तर मी बाहेर जाऊ दिला नसता. डोळे मिटून द्या."

त्या बाई हसल्या. त्यांचा आवाज एकदम सैल झाला. तुमच्यासारखे शेजारी असतील तर मुलीची काळजी नाही म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी मैत्रिणीच्या घरी येतो म्हणून सांगितलं. मी फोन ठेवून वळले. मुलाचा हात भातात थांबला होता. कानातली बोंडं काढून त्याने ताटाशेजारी ठेवलेली होती. मी आमटीची वाटी पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

"माझी चौकशी आली ना आई, तर काकूंचा नंबर देत जा," तो म्हणाला. "तुझा नको."

आणि ताट घेऊन उठला.