प्रॉम्प्टरच्या तोंडची ओळ

मित्रहो, आज दुपारी आमगावला आमच्या झाडीपट्टी नाटकाची तालीम होती. माणसाच्या मनातलं नेमकं ओळखणाऱ्या एका जुन्या ऑस्ट्रियन नाटककाराचं नाटक मी आपल्या बोलीत आणलंय. प्रॉम्प्टरही मीच.

नायिका अडली, म्हणून तिची ओळ मी मोठ्याने दिली, "तुमी घरात रायता, पन माझ्याजवळ नाही."

डबा घेऊन आलेली माझी बायको समोरच बसली होती.

परत येताना गाडीवर मागून तिने विचारलं, "हे तुमी लिवलं?"

"नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं."

"मंग त्याले आपल्या घरचं कोनं सांगतलं?"

तेव्हापासून मला काहीच वाटून नाही राहिलं. रागही नाही, लाजही नाही.

ती आत भात टाकून राहिली. काय बोलावं, हे मी इथे तुम्हाला विचारतोय. तिला नाही.