पडद्याखालचे पाय

नागापूरला माझ्या माहेरी उधारीवर एकच औषध होतं, ते म्हणजे दाराची कडी. महिनाअखेरीला किराणावाल्यानं दार वाजवलं की बाबा टीव्ही बंद करत, ओठांवर बोट ठेवत आणि आम्ही सगळे गप्प बसून राहत असू. कुकरला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. तो नेमकी तेव्हाच शिट्टी देई. तरी किराणावाला परत जाई. त्याला कमी ऐकू येतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग लग्न होऊन मी शनिशिंगणापूरला आले. इथं घराला दारच नाही. नुसती चौकट, तिला पडदा. देवाच्या धाकानं चोरी होत नाही म्हणून कुणी दार बसवत नाही, हे मला लग्नाआधीही ठाऊक होतं. वसुलीवाला आला तर काय करायचं, ते विचारायचं तेवढं राहून गेलं.

आमचं तेला-फुलांचं दुकान. पाण्याच्या बाटल्या गार ठेवायला यांनी हप्त्यावर फ्रीज घेतला, आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात घर त्या बाटल्यांवरच चाले. नणंद बाळंतपणाला आली आणि हप्ते थकले. पतसंस्थेचे फोन सुरू झाले, तसा यांनी मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवला.

एका सकाळी बाहेरून हाक आली, "दादा हाय का घरात?" माझ्या अंगात माहेर संचारलं. यांना पडद्यामागं ढकलून मी ओरडले, "ते घोडेगावला गेलेत!"

बाहेरचा माणूस जरा वाकला. मग वसुलीवाला म्हणाला, "वहिनी, दादा गेले आसतील. पाय तेवढे मागं ऱ्हायलेत."

पडदा धुऊन आटला होता. त्याखाली यांची दोन्ही पावलं, ठेच लागलेल्या अंगठ्याच्या हळदीसकट. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"हप्ता न्हाई तर आज फ्रीज न्यायाचाय," आत येऊन फ्रीजवर हात ठेवत तो म्हणाला. बाहेर टेम्पो उभा होता. यांचा चेहरा उतरला. ऐन उन्हाळ्यात फ्रीज गेला तर खायचं काय? तेवढ्यात सासूबाई उठल्या.

"ने की! पर गाव कंचं हाय ते ठावं हाय न्हवं? हितली वस्तू उचलली की साडेसाती लागती."

त्यानं फ्रीजवरचा हात चटकन काढून घेतला. मी मनातल्या मनात पेढे वाटले. सासूबाईंनी इथंच थांबायला हवं होतं, पण त्या आमच्याकडं वळल्या.

"आन तुमी दोघं हसू नका. घेतल्यालं दिलं न्हाई, ती बी चोरीच. साडेसाती काय त्या एकट्यालाच लागती व्हय?"

आता तिघंही घाबरलो. चहा पिता पिता वसुलीवालाच म्हणाला, "सायबाला येऊन भेटा, हप्ता कमी करत्यात. तुमी फोनच उचलत न्हाई, म्हनून टेम्पो निघतो." फ्रीज न्यायला आलेल्या टेम्पोत मग आम्ही दोघंच बसून गेलो. साहेबांनी अर्ज घेतला, मुदत वाढवली, हप्ता निम्मा केला. परत येताना मला उगाच रडू आलं.

पुढं दिवाळीला माहेरी गेले. दार वाजलं. बाबांनी टीव्ही बंद केला, ओठांवर बोट ठेवलं. मी उठले आणि कडी काढली.

"बाबा घरात आहेत, काका. आत या. थोडं थोडं करून घ्याल का?"

बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. तेवढ्यात आत कुकरनं शिट्टी दिली. किराणावाले काका चपला काढत हसले.

"ही ऐकूनच तर मागं फिरायचो," ते म्हणाले. "म्हणलं, जेवू द्यावं लेकरांना."