दक्षिणेचं फाटक

बाबा रेल्वेच्या कामगार संघटनेत. त्यांची उरलेली पत्रकं आमच्या घरी कपाटात अंथरलेली असत, चिवड्याचे पुडेही त्यांतच बांधलेले. बाराखडी पुरी होण्याआधी मी ‘आमच्या मागण्या’ वाचायला शिकले. त्यामुळे शंकर नगरातल्या आमच्या कॉलेजात मैत्रिणीला प्रयोगशाळेत दम्याचा झटका आला आणि अँब्युलन्स बंद फाटकासमोर अडली, तेव्हा रडून झाल्यावर मी कागदच हातात घेतला.

वास्तुतज्ज्ञाने दक्षिणेचं प्रवेशद्वार अशुभ ठरवलं होतं. संस्थेने त्याला कुलूप घालून पूर्वेच्या गल्लीत नवं दार काढलं. आम्हाला ते सवयीचं झालं होतं. पण कॉलेजचा पत्ता मोठ्या रस्त्याचाच राहिला, माहितीपुस्तकातल्या नकाशातही मुख्य प्रवेश दक्षिणेलाच. ड्रायव्हर तिथेच आला. किल्ली कोणाकडे आहे, ते चौकीदाराला ठाऊक नव्हतं. गाडी वळसा घालून गल्लीत येईपर्यंत आम्ही मैत्रिणीला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं होतं. तिचे ओठ निळे पडले होते.

ती वाचली. पण तिच्या आईने तिचं नाव कॉलेजातून काढायचं ठरवलं. मी समजवायला गेले तर काकू म्हणाल्या, "भाषण नको देऊ मले. पुन्हा असं झालं तर गाडी कुठून येईन, ते सांग."

मैत्रीण पडल्या पडल्या हिंदीत पुटपुटली, "मम्मी, एक साल ही तो बचा है." काकूंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मी पत्रक लिहिलं. अंधश्रद्धेचा धिक्कार, संस्थाचालकांचा निषेध, उद्गारचिन्हं सढळ हाताने. बाबांनी चहा पिता पिता वाचलं.

"धिक्कार झकास आहे," ते म्हणाले. "पण अँब्युलन्सवाला, उद्या आग लागली तर बंबवाला, याचं काय करन? धिक्काराच्या बाजूने वळवन काय गाडी?"

मला राग आला, पण मुद्दा बिनतोड होता. मी पत्रकाच्या पाठीमागे कॉलेजचा नकाशा काढला: फाटकं, जिने, गॅसची सिलिंडरं, पाण्याची टाकी. समोरच्या बाजूला एकच मागणी ठेवली. प्रत्येक कॉलेजाने दरवर्षी खरा नकाशा अग्निशमन केंद्राला आणि अँब्युलन्सच्या नियंत्रण कक्षाला द्यावा, आणि सरकारने ती मान्यतेची अट करावी. प्रवेशासाठी घरोघरी माहितीपुस्तक पाठवणाऱ्यांना अग्निशमन केंद्रात एक कागद पोचवणं जड जायचं कारण नाही.

पत्रक घेऊन मी प्राचार्यांकडे गेले. त्यांना भीती होती, की नकाशा भलत्या हातात पडेल. मी म्हटलं, सर, आम्ही तो सदर बाजारात टांगायला सांगत नाही. ते ओठातल्या ओठात हसले आणि त्यांनी नकाशा पाठवला.

अग्निशमनचे अधिकारी तो घेऊन पाहायला आले. गल्लीच्या दारातून मोठी गाडी आत येणार नाही, दक्षिणेचं फाटक उघडावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.  प्राचार्यांनी आमच्यासमोरच वास्तुतज्ज्ञाला फोन लावला. तिकडून निवाडा आला: मनाई रोजच्या ये-जा करण्याला आहे, संकटकाळी दोष लागत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाच्या श्वासाला दिशांची परवानगी काहून लागावी? पण प्राचार्यांनी खणातून किल्ली काढून टेबलावर ठेवली होती, आणि ती मला हवी होती.

"सर, लेखी द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिलं. किल्ली कायम चौकीदाराच्या खोलीत राहील, असं नकाशावरही लिहिलं.

मी काकूंना कळवलं, तशा दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कॉलेजात आल्या. नकाशा त्यांनी बाजूला सारला आणि किल्ली मागितली. कुलूप गंजून बसलं होतं, किल्ली फिरेना.

"कागदावर तर उघडते म्हणता," त्या प्राचार्यांना म्हणाल्या.

समोरच्या सायकलच्या दुकानातून तेल आणलं. काकू उन्हात उभ्या राहिल्या. फाटक करकरत उघडलं, तेव्हा त्यांनी ते पुन्हा बंद करवलं आणि चौकीदाराला म्हणाल्या, "भैया, आता तुम्ही एकट्याने उघडा." त्याने उघडलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सोमवारी तिले घ्यायला घरी ये. तिची प्रयोगाची वही त्या दिवशीपासून तुझ्यापाशीच आहे ना?"